फेरतपास नाही

वकिली सोडून कादंबरी लिहायला का बसलात असं विचारलं की मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं कारण तालुका कोर्टातला एक उलटतपास आहे, म्हणजे विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, जो मीच घेतला होता आणि ती केसही मीच जिंकले.

वाटपाचा दावा. वादी बहीण, पन्नाशी उलटलेली, प्रतिवादी सख्खा भाऊ, आणि मी भावाची वकील. आपल्याकडे महाराष्ट्रात 1994 ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क आला पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि मग गावोगावचे भाऊ बहिणींना घेऊन दुय्यम निबंधकाकडे जायला लागले, हक्कसोडपत्र करायला. भावाच्या नावे फुकट सोडायचं तर तेव्हा मुद्रांक 200 रुपयांचा होता, जमीन कितीही असो. या बाईंनीही करून दिलं होतं, रजिस्टर्ड, फोटो, सही, दोन साक्षीदार सगळं व्यवस्थित. काही वर्षांनी दावा आला की वारसनोंदीचा कागद आहे असं खोटं सांगून सही घेतली.

बाहेरच्या माणसाला माहीत नसतं ते सांगते. दिवाणी कोर्टात सरतपास, आपल्याच वकिलाने आपल्या साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, हल्ली तोंडी होत नाही, 2002 पासून प्रतिज्ञापत्रावर येतो, म्हणजे वकिलाच्या ऑफिसात टाइप झालेला. पक्षकार स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा बोलतो तो थेट विरुद्ध वकिलासमोर. आणि तेही बोलला तसं उतरत नाही. प्रश्न गळतो, उत्तर साहेब, म्हणजे न्यायाधीश, स्टेनोला सांगतात, "हे म्हणणे खरे आहे की", "हे म्हणणे खरे नाही की", असं एकसलग निवेदन होतं. मध्ये साक्षीदार कितीही वेळ गप्प उभा राहिला तरी त्याची खूण कागदावर नाही. सीपीसीत, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर 18 रूल 12 आहे, साक्षीदाराचं वागणं कसं होतं ते न्यायाधीश नोंदवू शकतात. मी ते फार क्वचित पाहिलंय. बोर्डावर एवढी प्रकरणं लावून ठेवल्यावर कुठला न्यायाधीश चेहरे नोंदवत बसेल?

तर त्या दिवशी. सही तुमची? हो. कार्यालयात कशा गेलात? दादाच्या गाडीवर. वाचता येतं? हो, सातवी झालीय. मग दस्तात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत होतं. इथे त्या थांबल्या. मी पुन्हा विचारलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, नखाखालचं रक्त थांबेल इतकं घट्ट. साहेब म्हणाले, बाई, हो की नाही ते सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. मागच्या बाकावर भाऊ बसला होता, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "माहीत होतं की. सही केली नसती तर पंचमीला मला न्यायला कोण आलं असतं?"

भाऊ मोबाइलमध्ये बघत होता.

कागदावर उतरलं ते असं: दस्तातील मजकूर मला माहीत होता. माहेरचे संबंध राहावेत म्हणून मी सही केली.

दाव्यात फसवणूक, साक्षीत माहिती होती. माझं काम झालं, मी खाली बसले. आता त्यांच्या वकिलाला फेरतपासाची, म्हणजे उलटतपासानंतर बाईंना पुन्हा प्रश्न विचारायची, संधी होती. तो उठला, फाइल चाळली आणि म्हणाला, नाही. नाही! समोर एवढं मोठं दार उघडलेलं आणि हा माणूस पुढच्या कोर्टात मॅटर आहे म्हणून घड्याळ बघतोय.

मला राग आहे तो त्याच्या दाव्याचाच. पेनड्राइव्हमधला जुना दावा उघडायचा, नावं आणि गट नंबर बदलायचे, फसवणुकीचा परिच्छेद तसाच ठेवायचा. ऑफिसात बसवून "का केलीत सही?" एवढं विचारलं असतं तरी बाईंनी हेच सांगितलं असतं. मग करार कायद्याचं कलम 16 होतं, नात्यातल्या वर्चस्वाचा गैरफायदा, ते तपशिलासकट दाव्यात मांडता आलं असतं, आणि जे वाक्य मी त्यांच्याविरुद्ध वापरलं तेच त्यांच्या बाजूने उभं राहिलं असतं. जिंकल्याच असत्या असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करणं महाकठीण. पण कोर्टाला त्या पंचमीचा विचार करावा लागला असता. प्रत्यक्षात निकालपत्रात ते वाक्य त्यांच्याविरुद्धचा कबुलीजबाब म्हणून आलं, दावा फेटाळला, अपिलाचे 30 दिवस गेले, कुणी आलं नाही.

कादंबरीतली बहीण मला लिहिता आली. तिचं बोलणं भर कोर्टातलं आहे, तरी नाव, गाव, पीक सगळं बदललंय. अडलंय ते भावापाशी. संपादक म्हणतात भाऊ सपाट झालाय, तो असं का करतो ते कळत नाही. मला कळतं, कारण त्याने मला ऑफिसात बसून सांगितलंय, आणि पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं फोडता येत नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम 126, नव्या साक्ष्य अधिनियमात 132, आणि वकीलपत्र संपलं तरी ते बंधन संपत नाही. संपलं असतं तरी मी मोडलं नसतं. म्हणून त्याच्यासाठी वेगळं कारण शोधते, कर्ज, बायकोचा आजार, पोराच्या शिक्षणाचा खर्च, आणि दर वेळी लिहून झालं की तपासते की हे त्याने सांगितलेल्याच्या जवळपास तर जात नाही ना. गेलं की खोडते. काल रात्री कर्जाचं अख्खं प्रकरण काढून टाकलं. आता संपादकांना काय सांगायचं तेच कळत नाहीये, कारण खरं कारण त्यांनाही सांगता येत नाही.