टुंग-टुंग

सीटबेल्टच्या खाचेत खुपसायची नुसती एक क्लिप मिळते. बेल्ट नाहीच, फक्त टोकाचा धातूचा तुकडा. तो बसवला की बेल्ट न लावल्याबद्दलचं गाडीचं टुंग-टुंग बंद. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना तिची विक्री थांबवायला लावली. पण आधीच घेऊन ठेवलेल्यांचं काय? आमच्या दाजींच्या गाडीत आहे. "अगं, बेल्ट लावला की माणूस बेफिकीर होतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते ऐकवताना नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर काटा नव्वदच्या पुढे!

गंमत म्हणजे दाजींच्या पाठीशी चक्क एक अर्थशास्त्रज्ञ आहे. सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये मांडलं, की गाडी सुरक्षित झाली की चालक जास्त धोका पत्करतो. आतले वाचतात आणि त्याची किंमत पायी चालणारे मोजतात. ब्रिटनमध्ये 1983 साली बेल्टची सक्ती झाली, तेव्हाही पादचारी नि सायकलवाल्यांवरून बरीच भांडणं झाली. पुढे 2003 मध्ये कोहेन आणि आयनाव यांनी अमेरिकेतल्या राज्यांचे आकडे तपासले. बेल्टमुळे मृत्यू कमीच झाले होते, आणि बाहेरच्यांना त्याचा भुर्दंड पडल्याचा ठोस पुरावा काही मिळाला नाही.

मला हे पटतं. पट्टा छातीवर आला की दोन मिनिटांत आपण तो विसरतो; विसरलेल्या गोष्टीच्या जिवावर कोण माज करणार? वेग चढतो तो रस्ता बघून. हेच दाजी ठाण्यात घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत शिरले की गाडीची बैलगाडी होते, आणि क्लिप तर तीच असते.

तरी पेल्ट्झमनचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. बेल्ट नाही म्हणून हजार रुपये दंड, मागच्या सीटलाही बेल्ट, एअरबॅग: सगळी काळजी आतल्यांची. पाम बीच रोडलगतच्या सारसोळ्याच्या जेट्टीकडून टोपली घेऊन येणारी मावशी एक हात वर करते, पहिल्या दोन गाड्या सोडते आणि तिसरीच्या पुढून पळत सुटते. तिच्या वाटणीला काय?

नाही म्हणायला एक आवाज आहे. 2019 च्या जुलैपासून नव्या गाड्यांना ऐंशीच्या वर गेल्यावर टुंग करावंच लागतं. हा खरा बाहेरच्यांसाठीचा. ही क्लिप तिथे काही कामाची नाही, त्यामुळे दाजी गाण्यांचा आवाज वाढवतात.