गार्डनच्या पोटातून व्हॅनगार्डच्या तळघरात

न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्क स्टेशनवर सोडताना मामेभावाने दोन सूचना केल्या. एक, परतीचं तिकीट आत्ताच फोनवर काढून ठेव. दोन, रेकॉर्ड्सवर शंभर डॉलरच्या वर जायचं नाही. दुसरी सूचना मुळात पवईहून, म्हणजे घरून, आली होती, तो फक्त निरोप्या.

२०२३ चा नोव्हेंबर. दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे एडिसनमध्ये ज्याच्या घरी जावं तिथे फराळ आणि 'मग न्यूयॉर्कला काय काय बघणार?' हा प्रश्न. मी सांगायचो, सातवा अव्हेन्यू. म्हणजे? म्हणजे सातवा अव्हेन्यूच, पेन स्टेशनपासून खाली चालत. समोरचा थोडा वेळ माझ्याकडे बघायचा आणि चकल्यांची बशी पुढे सरकवायचा.

माझ्या डोक्यात हिशेब साधा होता. लहानपणापासून दोनच नाद. पहिला बास्केटबॉल. उंची पाच फूट सहा, तरी कॉलेजात असताना नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर मार खायला जायचो. तिथल्या पोरांच्या हातातून बॉल काढून घेणं मला चार वर्षांत दोनदा जमलं. दुसरा नाद रेकॉर्ड्सचा. त्यातही जॅझ, आणि तो लागला काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये, उभ्याउभ्या कव्हरं वाचून. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. हे दोन्ही नाद मॅनहॅटनच्या एकाच सरळ रेषेत भेटतात असं नकाशा बघताना लक्षात आलं होतं.

रेषेची सुरुवातच मजेशीर आहे. गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यातून पेन स्टेशनात शिरते तेव्हा आपल्या डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन असतं. न्यूयॉर्कच्या निक्स या बास्केटबॉल संघाचं घरचं मैदान. अक्षरशः डोक्यावर. जुनं देखणं स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं, खालचे फलाट तसेच ठेवले आणि १९६८ मध्ये वर हे गार्डन उघडलं. दादर स्टेशनच्या माथ्यावर वानखेडे आणून ठेवल्यासारखं. खाली छतं इतकी बुटकी की गर्दीच्या वेळी आपोआप खांदे आत घेतले जातात. त्या संध्याकाळी वर मॅच होती. सगळ्यात वरच्या रांगेतल्या तिकिटाचा आकडा बघितला, पवईचा निरोप आठवला आणि चालू लागलो.

सव्विसाव्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर फक्त जॅझचं दुकान. खाली पाटीसुद्धा नजरेत भरत नाही. लिफ्टमधून बाहेर पडलो आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास आला. हा वास मुंबईच्या रेकॉर्डना येत नाही, आपल्याकडे पावसाळा त्यात आपली भर घालतो. माझ्या कपाटातल्या निम्म्या एलपींवर बुरशीच्या पांढऱ्या चांदण्या आहेत. कितीही धुवा, पुढच्या ऑगस्टला परत हजर.

मला एकच रेकॉर्ड हवी होती: सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सची, ३ नोव्हेंबर १९५७ ला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात लोकांसमोर वाजवलेली. सॅक्सोफोन, बास आणि ड्रम, पियानो नाहीच. कारण जरा घरगुती आहे. हा रॉलिन्स साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सगळं सोडून हिंदुस्थानात आला आणि काही महिने राहिला तो पवईला, चिन्मयानंदांच्या आश्रमात. त्या आश्रमावरून मी रोज ऑफिसला जातो.

खोक्यातल्या रेकॉर्ड्स चाळताना बोटांना एक लय येते, टप टप टप. शेजारच्या खोक्यातली टप टप माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालली होती. निळीनारिंगी निक्सची टोपी घातलेले एक आजोबा, ऐंशीच्या घरातले. मध्येच त्यांनी एक तबकडी काढून माझ्यासमोर दिव्याखाली तिरपी धरली. 'कान दिसतोय?'

मला दिसेना. त्यांनी नखाने दाखवलं. लेबलच्या कडेला, जिथे गाणं संपून गुळगुळीत पट्टी येते, तिथे कोरलेली एक छोटी वळणदार खूण. मुळात ते इंग्रजी 'पी' अक्षर, प्लॅस्टिलाइट या कारखान्याचं. दिसतं मात्र हुबेहूब कानासारखं. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या तबकड्या १९६६ पर्यंत तिथे छापल्या जायच्या. मग कंपनी लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला विकली गेली आणि कान गेला. त्याच पट्टीत 'आरव्हीजी' ही अक्षरं असली तर ध्वनिमुद्रण आणि साचा रूडी व्हॅन गेल्डरच्या हातचा. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि १९५९ पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. लेबलवरचा पत्ताही वाचायचा असतो: लेक्सिंग्टन अव्हेन्यू असेल तर जुनं, '४७ वेस्ट ६३' असेल तर त्यानंतरचं, नुसतं न्यूयॉर्क असेल तर आणखी पुढचं. आपल्याकडे सातबारा वाचावा तसं हे लोक लेबल वाचतात.

माझी रॉलिन्स दोन रूपांत होती. एक भिंतीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कानवाली. नऊशे डॉलर. दुसरी खोक्यात, लिबर्टीच्या काळातली, बिनकानाची, कव्हरच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग. पस्तीस डॉलर. मी खोक्यातली उचलली तेव्हा आजोबांनी मान हलवली, पण सहानुभूतीने.

'जॅझ आणि बास्केटबॉल म्हणजे एकच की हो,' त्यांची टोपी बघून मी ऐटीत म्हणालो, 'दोन्हीकडे ऐन वेळी सुचेल ते.'

त्यांनी डोळे मिटून घेतले. 'हे मी दर आठवड्याला ऐकतो. बहुधा दोन्हीपैकी काहीच न केलेल्या माणसांकडून.'

मी नागपाड्याचं नाव सांगणार होतो, पण चार वर्षांत दोनदा हा हिशेब आठवला आणि गप्प बसलो. त्यांनीच मग विषय काढला. ८ मे १९७०, एनबीए या बास्केटबॉल लीगच्या फायनलची सातवी मॅच, याच गार्डनमध्ये, निक्ससमोर लॉस एंजेलिसचे लेकर्स. निक्सच्या विलिस रीडची मांडी पाचव्या मॅचमध्ये दुखावलेली, तो खेळणार नाही अशी सगळ्यांची खात्री. आणि तो लंगडत कोर्टावर आला. पहिले दोन बास्केट त्याचेच, त्यानंतर एकही नाही. 'लोक अजून रीडचं लंगडणं सांगतात. छत्तीस पॉइंट केले आणि एकोणीस बास्केट पास देऊन करवून दिले ते वॉल्ट फ्रेझियरने. मी ती मॅच रेडिओवर ऐकली, त्यामुळे मला लंगडणं दिसलंच नाही. मला फक्त फ्रेझियर ऐकू आला.' त्यानंतर १९७३ मध्ये आणखी एकदा निक्स जिंकले. 'पन्नास वर्षं झाली. तरी टोपी घालतो.'

मी लेकर्सच्या करीम अब्दुल जब्बारचं काढलं. हा गडी याच शहरात वाढलेला, वडील पोलिसात आणि ट्रॉम्बोनवादक. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसचं त्याचं घर जळलं, त्यात हजारो जॅझ रेकॉर्ड गेल्या. मग चाहते आपापल्या घरच्या रेकॉर्ड घेऊन मॅचला यायला लागले, टपालाने पाठवू लागले. आजोबा म्हणाले, मीही एक पाठवणार होतो. कोणती ते ठरेना. दोन आठवडे रोज कपाटासमोर उभा राहिलो. शेवटी पाठवलीच नाही. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले, चाळीस वर्षांनी. माझ्याही कपाटातून कोणती निघाली असती, मी मनात बघून आलो. बुरशीवाली एखादी.

निघताना त्यांना यूटाच्या टीमवर पाच मिनिटं चिडायचं होतं, ती ऐकून घेतली. न्यू ऑर्लिन्समध्ये १९७४ साली टीम काढली, गावाला साजेसं जॅझ नाव ठेवलं, आणि १९७९ मध्ये ती उचलून सॉल्ट लेक सिटीला नेली, तीही नावासकट. कोल्हापूर मिसळ नावाचा संघ सिमल्याला गेला तर कसं वाटेल तसं काहीतरी असावं. मग मी पवई आणि आश्रमाचं सांगितलं. रॉलिन्स इंडियात राहिला होता हे त्यांना ठाऊक होतं, गावाचं नाव नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या पावतीच्या मागे, स्पेलिंग दोनदा विचारून, पवई लिहून घेतलं.

खाली उतरलो तर चार वाजलेले आणि वारा सुटलेला. सातव्या अव्हेन्यूने खाली जाऊन डावीकडे वळलं की सहाव्या अव्हेन्यूवर, चौथ्या रस्त्याच्या भुयारी स्टेशनच्या तोंडाशी, उंच जाळीत कोंडलेलं एक कोर्ट. याला लोक 'केज' म्हणतात. पिंजराच. नियमातल्या मापापेक्षा लहान. बाहेर फुटपाथ, जाळीला तोंड लावून उभी माणसं, मागून वाहनं. मला वाटलं होतं थंडीत कोण खेळणार. दहाजण खेळत होते आणि चौघे पाळीची वाट बघत होते.

तिथे मी पाऊण तास उभा होतो, आणि दुकानात ज्याची फजिती झाली तो विचार जरा नीट सुचला. इथे मोकळी जागाच नाही. लांबून निवांत नेम धरायला कोणी सोडत नाही, रेषेबाहेर पाऊल टाकलं की जाळी. निळ्या कानटोपीतला एक ठेंगणा पोरगा, माझ्याच उंचीचा, पाठ उंच गड्याच्या छातीला लावून बॉल टप्पे देत मागे मागे रेटत नेत होता. आणि ऐनवेळी दोन माणसांमधल्या फटीतून, न बघता, कोपऱ्यात पास. कोपऱ्यातल्याला तो येणार हे कसं कळलं कोण जाणे. प्रशस्त कोर्टावर असा पास द्यायची गरजच पडली नसती. गल्लीत क्रिकेट खेळलेल्याला हे वेगळं सांगायला नको. जोशींच्या खिडकीमुळे आमच्या आळीत कुणालाच उचलून मारता यायचं नाही, म्हणून सगळे लेट कट शिकले.

रॉलिन्सचंही असंच झालं होतं. घरात रियाज केला की शेजाऱ्यांना त्रास, म्हणून १९५९ पासून दोन वर्षं हा माणूस विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचा. आमच्या इमारतीत तबला शिकणाऱ्या मुलाला सोसायटीने साडेआठची मर्यादा घातली आहे. त्याच्यासाठी जवळपास पूल बघायला हवा.

संध्याकाळी व्हिलेज व्हॅनगार्ड. दारावर लाल कापडी छत, लाल दार, खाली उतरणारा अरुंद जिना. १९३५ पासूनचा क्लब. तळघर त्रिकोणी, पाचरीसारखं, आणि टोकाला रंगमंच. एकूण एकशे तेवीस माणसं मावतात. सोमवार होता, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचा दिवस. ही प्रथा फेब्रुवारी १९६६ पासून चालू आहे. सोळा वादक त्या टोकात कसे बसवतात हे बघण्यासाठी मी आधीच तिकीट काढलं होतं. बसवतात ते असे: ट्रॉम्बोनची नळी लांब झाली की पुढच्या टेबलावरच्या बाई मान डावीकडे घेतात. नेहमीच्या असाव्यात, बघावंही लागत नव्हतं त्यांना. वादकांना वेगळी खोली नाही, जुन्या स्वयंपाकघरातच त्यांची ऊठबस. मोबाइल बंद, गप्पा बंद.

मी खांबाच्या मागे होतो. अर्धाच वृंद दिसत होता. पण पहिल्या सुराला पितळेचा जो लोट अंगावर आला त्यापुढे दिसण्याची तक्रार काय करायची! मोठ्या सभागृहात आवाज आपल्यापर्यंत चालत येतो. इथे तो आधीच येऊन बसलेला असतो, आपणच उशिरा पोचतो. मध्येच बारमध्ये बर्फ पडल्याचा खळ्ळ आवाज झाला आणि मी दचकलो, कारण तो मला पाठ होता. जून १९६१ मध्ये बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने इथे वाजवलेलं ध्वनिमुद्रण मी वीस वर्षं ऐकतोय. त्यात पियानोच्या मागे असेच ग्लास वाजतात, कुणीतरी हसतं. अकरा दिवसांनी त्यांचा बासवादक स्कॉट लफारो मोटार अपघातात गेला. त्या हसणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून मला ते हसू नेहमी ऐकवत नाही आणि सोडवतही नाही.

सव्वानऊला बाहेर पडलो, चालत पेन स्टेशनला आलो, वाटेत पिझ्झाचा एक तुकडा खाल्ला. फलाटाच्या बोर्डासमोर उभा असतानाच वरची मॅच सुटली असणार, कारण जिन्यांवरून निळानारिंगी पूर ओतला गेला. निक्स जिंकले की हरले हे चेहऱ्यांवरून कळत नव्हतं. पन्नास वर्षांत तो फरक पुसला जात असावा.

गाडीत शिरलो तो दाराशीच अडकलो. एलपी ही वस्तू गर्दीसाठी केलेलीच नाही. बारा इंच, चौकोनी, वाकली की संपली. मी ती छातीशी धरली, पाठ दाराकडे केली आणि सांताक्रूझची संध्याकाळ आठवून कोपरं रोवली. समोर दहा नंबरची, म्हणजे फ्रेझियरची, जर्सी घातलेला साडेसहा फुटी इसम. त्याने वरून पिशवीत डोकावून बघितलं. 'कोण आहे?'

'रॉलिन्स.'

त्याने काही न बोलता माझ्याकडे पाठ केली, पाय फाकवले, ढुंगण मागे काढलं आणि दोन्ही कोपरं बाहेर घेतली. बॉक्स आउट. रिबाउंडसाठी, म्हणजे नेम हुकून परतलेला बॉल पकडायला, करतात तसा. माझ्या छातीपुढे चांगली वीतभर जागा झाली. सिकॉकसला माणसांचा लोंढा उतरला-चढला, त्याला दोन धक्के बसले, तो हलला नाही. नेवार्कला उतरला, वळून बघितलंही नाही.

पुढे जागा मिळाली. कव्हर काढून बघितलं, कपाचा डाग होता तिथेच होता.