सासूबाईंच्या खापरपणजीचा माग

लग्न होऊन मी सॉल्ट लेक सिटीत आले तेव्हा एवढंच कानावर होतं की सासूबाईंची खापरपणजी इंग्लंडहून आली आणि 1856 मध्ये हातगाडी ओढत युटात पोचली. घरात टाइप केलेली दोन पानं होती, तिच्या नातीने आठवणीतून लिहिलेली. त्यात बर्फ होतं, भूक होती. पण गाव कोणतं, आईवडील कोण, याचा पत्ता नाही, आणि माहेरचं आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं. सासूबाईंची नजर अधू होत चालली होती. त्यांच्या हयातीत हे कोडं सुटावं म्हणून मी काम अंगावर घेतलं.

प्रवासाची माहिती चटकन मिळाली, कारण ती ज्यांच्याबरोबर आली त्या मॉर्मन चर्चने (युटात वसलेल्या ख्रिस्ती पंथाने) स्थलांतरितांच्या याद्या फार निगुतीने जपल्या आहेत. ‘थॉर्नटन’ जहाज 4 मे 1856 रोजी लिव्हरपूलहून सुटलं. त्यात ती होती, वय 18. न्यूयॉर्कहून आयोवा सिटीपर्यंत रेल्वे. रूळच तिथे संपत होते. पुढे जेम्स विली यांच्या तुकडीबरोबर पायी. बैल आणि गाड्या घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून हातगाड्या. माणशी 17 पौंड सामान, म्हणजे अंथरूण-पांघरूण आणि कपडे धरून पावणेआठ किलो! निघायलाच उशीर झाला होता. नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला तुकडीतल्याच लेव्ही सॅव्हेज यांनी सगळ्यांना बजावलं की आता हिवाळा गाठेल, इथेच थांबा. बहुतेकांनी ऐकलं नाही, आणि सॅव्हेजही मग त्यांच्यासोबतच निघाले. ऑक्टोबरात, आज जिथे वायोमिंग आहे तिथे, बर्फाने गाठलं. रॉक क्रीकच्या काठी एकाच खड्ड्यात तेरा जणांना पुरलं. मदतीला आलेल्या गाड्यांसोबत उरलेले लोक 9 नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोचले.

खरी अडचण या प्रवासाच्या अलीकडे आणि पलीकडे होती. युटात लग्न झालं आणि कागदोपत्री ती नवऱ्याच्या आडनावाखाली गेली. 1860 च्या अमेरिकन जनगणनेत घरातल्या माणसांची नातीसुद्धा लिहिलेली नाहीत. ती 1880 पासून येतात. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंद 1 जुलै 1837 ला सुरू झाली, पण पहिली कित्येक वर्षं बरेच जन्म नोंदवलेच गेले नाहीत. तिचाही नव्हता. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या नावाच्या मुली सापडल्या, पण त्या छापील रकान्यांत आईचं फक्त पहिलं नाव असतं. यातली आपली कोणती?

वाट दाखवली ती तिच्या भावाने. जहाजाच्या यादीत तिच्या नावाखाली त्याच आडनावाचा दहा वर्षांचा मुलगा होता. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या लायब्ररीतल्या एका स्वयंसेवक आजींनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हिला सोड, याला धर.” (ही लायब्ररी सगळ्यांना मोफत खुली आहे, इथल्या मराठी मंडळींनी एकदा तरी जावं.) त्या मुलाच्या जन्माची सरकारी नोंद होती, आणि त्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. बाईमाणसाचा माग काढायचा तर भावंडं, शेजारी, सहप्रवासी यांच्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं आता ठाम मत आहे.

त्या आडनावावरून 1851 च्या जनगणनेत अख्खं कुटुंब मिळालं. लँकशायरमधलं प्रेस्टन. मॉर्मन प्रचारक 1837 मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा याच गावी आले होते आणि तिथल्या रिबल नदीत त्यांनी पहिले बाप्तिस्मे केले होते. त्या पानावर वयाच्या रकान्यांवर तपासनिसाने पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत, त्यामुळे 13 की 18 हे कळेना. पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा रेघेखालचा तीन उमटला. 13 वर्षांची, कापसाच्या गिरणीत यंत्रमागावर. वडील हातमागाचे विणकर. त्यांचा धंदा गिरण्यांनी तेव्हा जवळजवळ संपवला होता. दोन पानांत बर्फ होतं, पण ही गिरणी कुठेच नव्हती, आणि मला तर तिचं घर सोडणं या गिरणीशिवाय समजलंच नसतं.

सासूबाईंना मी ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली, मग विचारलं, “आणि खाली ही आठ वर्षांची कोण?” ती धाकटी बहीण. जहाजाच्या यादीत ती नाही. 1861 मध्ये ती प्रेस्टनमध्येच, गिरणीकामगार म्हणून, आईजवळ राहताना सापडली. पुढे तिचं लग्न कुणाशी झालं ते शोधायला सासूबाईंनी मला कालच बसवलं आहे.