गिरगावातला ५ इंची गर्डर: पत्ता लागला, जवळजवळ

मंडळी, मागच्या महिन्यात गिरगावच्या चाळीतला जो गर्डर मी छातीठोकपणे आयएसएमबी २५० (भारतीय मानकातला २५० मिमी उंचीचा बीम) सांगून मोकळा झालो होतो, तो आयएसएमबी नाहीये. चूक सरळसरळ माझी.

झालं काय, की खोल्यांमध्ये जॅक आर्चचा स्लॅब आहे, म्हणजे दोन गर्डरच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी, वर कोबा आणि लादी. खालून दिसतो फक्त गर्डरचा खालचा फ्लँज, म्हणजे आडवी पट्टी, बाकी सगळा विटांच्या पोटात. टेप लावला तर १२८ मिमी. आयएसएमबी २५० ची रुंदी १२५, वरचे ३ मिमी मी रंगाच्या खात्यात टाकले आणि खूश होऊन घरी आलो. आता यात किती बावळटपणा आहे बघा, या चाळीत राहणाऱ्या माझ्या मावशींचे सासरे इथे १९३८ ला राहायला आले आणि आयएस ८०८, म्हणजे आयएसएमबीची मापं देणारं भारतीय मानक, पहिल्यांदा निघालं १९५७ ला! जुन्या बिल्डिंगमध्ये डोकं आधी इंचात चालवायचं, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरतो.

५ इंच म्हणजे १२७ मिमी. मग १९०३ ची ब्रिटिश स्टँडर्ड बीमची यादी काढली, त्यात एकूण ३० सेक्शन. ५ इंच रुंदीचे त्यात पाच निघाले (आधी उंची, मग रुंदी, इंचात): ६ बाय ५, ८ बाय ५, १० बाय ५, १२ बाय ५ आणि १५ बाय ५. म्हणजे नुसत्या फ्लँजवरून काहीही कळत नाही, उंची कळल्याशिवाय घोडं पुढे जात नाही. आणि उंची मोजायची तर मावशींची कमान फोडावी लागेल, ती त्या मला फोडू देतील का? "लोखंडाकडे काय बघत बसतोस, चहा गार होतोय," एवढंच ऐकायला मिळालं.

या पावसात जिन्याच्या पहिल्या मजल्याच्या लँडिंगवरचं प्लास्टर पडलं. लोकांना टेन्शन आलं, मला (माफ करा) आनंद झाला. तिथे आख्खा गर्डर कडेने उघडा, उंची २५४ च्या आसपास. आयएसएमबी असता तर २५०, पण रंग आणि गंजाच्या पापुद्र्यात ४ मिमी सहज लपतात म्हणून यावेळी उंचीवर भरवसा ठेवला नाही. वेबमधून, म्हणजे मधल्या उभ्या पत्र्यातून, कुणीतरी वायरिंगच्या पाइपसाठी भोक पाडलेलं होतं, त्याच्या कडा घासल्या आणि त्यातून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घातला तर ९ मिमी! आयएसएमबी २५० चं वेब ६.९ असतं. १० बाय ५, फुटाला ३० पौंडीचं वेब ०.३६ इंच, म्हणजे ९.१. तिथेच जिन्यावर बसलो. वजनात सांगायचं तर मीटरला साधारण ४४.६ किलो, आणि मी सांगितलेला ३७.३ चा.

बनवणाऱ्या कंपनीचा शिक्काही मिळाला, अर्धाच. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरला की उठावाची अक्षरं सावलीत उठून दिसतात, समोरून धरलात तर काही दिसत नाही. वर कागद ठेवून पेन्सिल घासली: आर एम ए एन, मग गॅप, मग एल ओ, पुढचं भिंतीत. डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, म्हणजे सिडनी हार्बर ब्रिज बांधणारी तीच कंपनी. तारब्रश मारू नका हां, खालचा लाल थर रेड लेडचा असतो, म्हणजे शेंदूरच, ती धूळ छातीत जाते. मी ओल्या फडक्याने पुसलं आणि मास्क लावला होता.

पण शिक्क्यावरून साल ठरत नाही. या कंपनीने कित्येक दशकं गर्डर काढले आणि १० बाय ५ पुढच्या याद्यांमध्येही राहिला. (१० बाय साडेचार असता तर मजा होती, तो १९०३ च्या यादीत नाहीच, नंतर आला.) शिवाय या गर्डरला एका टोकाला रिव्हेटची चार रिकामी भोकं आहेत ज्यांचा इथे काहीच उपयोग दिसत नाही, म्हणजे हा आधी दुसरीकडे कुठेतरी लागलेला आणि जुन्या बाजारातून इथे आलेला असू शकतो. मग चाळीचं साल काढूनही उपयोग शून्य.

एक गोष्ट मात्र खटकली. टेकू द्यायला आलेल्या माणसांनी शेजारच्या गर्डरला सरळ वेल्डिंगने अँगल चिकटवलाय. जुन्या स्टीलमध्ये गंधक-फॉस्फरस जास्त असू शकतं आणि तसं असेल तर वेल्डच्या कडेला तडा जाण्याची भीती असते, तुकडा काढून तपासल्याशिवाय वेल्ड करू नये. मी हौशी माणूस, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना फोटो पाठवले आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा म्हणालो.

आता खोल्यांमधले गर्डर पण १० बाय ५ च आहेत का, हे बाकी आहे. वरच्या मजल्यावरची लादी जिन्याशी उघडी आहे, तिथून खालच्या फ्लँजपर्यंत माप घेतलं तर ६ बाय ५ आणि १५ बाय ५ तरी बाद होतील. येत्या रविवारी जातो, मावशींनी येताना अर्धा किलो चक्का आणायला सांगितलंय.