रिकामा पाय

परवा दुपारी बाहेर जायचं म्हणून कपडे बदलत होतो. डावा पाय पँटमध्ये गेला, उजवा गेला, पट्टा ओढला, आणि मग लक्षात आलं की एवढ्या वेळात भिंतीला हात लावलाच नाही. पलंगावर टेकलोही नाही. पन्नाशी जवळ आली की माणूस पँट घालताना भिंतीचा आधार कधीपासून घ्यायला लागतो, हे त्याचं त्यालाही कळत नाही. भिंतीवर त्या जागी एक मळकट डाग पडतो, तेवढाच काय तो पुरावा. आमच्याकडे तो कपाटाच्या शेजारी आहे.

खात्री करून घ्यावी म्हणून पँट काढून पुन्हा घातली. या वेळी उजवा पाय नळीत अडकला आणि मी एका पायावर तीन उड्या मारून पलंगावर कोसळलो. खोलीत कुणी नव्हतं, ते बरंच झालं.

तरी पहिल्या खेपेचं श्रेय कुणाला तरी द्यायला हवं. वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा सकाळी मी ताई ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम, शिकायला जातो. हे आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "कुठल्या ताईची?"

"ताईची नाही गं. ताई ची. आमच्या बाई शिकवतात."

"ताई की बाई ते एकदा ठरव," म्हणाली आणि उठून गेली.

नावाचा घोळ मीही कमी घातलेला नाही. 'ची' म्हणजे श्वास, प्राणशक्ती वगैरे मी लोकांना बरेच दिवस ठासून सांगत होतो. तो 'ची' वेगळा, हा वेगळा. याचा अर्थ टोक, पराकोटी. शिवाय पूर्ण नाव ताई ची च्युआन, आणि च्युआन म्हणजे मूठ. म्हणजे मुळात ही मारामारीच. चीनमधल्या हनान प्रांतात चेन घराण्याचं गाव आहे, तिथली. त्यांच्या शैलीत आजही संथ चाललेलं असताना मध्येच धाडकन पाय आपटतात, ठोसा सुटतो. त्या गावात यांग लुचान (1799-1872) शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागला. त्याचा नातू यांग चंगफू याच्या हाती ते सगळं शांत आणि ऐसपैस झालं. 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतूनच 24 हालचालींचा आटोपशीर संच बेतला. तो करायला पाच-सहा मिनिटं पुरतात. मला शिकायला आठ महिने लागले. नावातली मूठ मात्र बोलण्याच्या ओघात कधीच गळून पडली. आपण ताई ची म्हणतो, म्हणजे मारामारीतून मारामारी वगळून उरलेलं.

मला भुलवलं ते हालचालींच्या नावांनी. रानघोड्याची आयाळ विंचरायची. पांढऱ्या क्रौंचाने पंख पसरायचे. चिमणीची शेपटी धरायची. समुद्राच्या तळाशी सुई शोधायची. ढगांसारखे हात फिरवायचे. असं काही सकाळी सात वाजता करायला मिळणार असेल तर कोण नाही म्हणेल? प्रत्यक्षात चिमणीची शेपटी धरताना माझे दात आवळलेले असतात आणि सोनेरी कोंबडा एका पायावर उभा राहिला की मला शाळेतली शिक्षा आठवते.

बाईंकडे जाण्याआधी दोन महिने मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. पडद्यावरचा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा. त्याचा डावा तो माझा उजवा, आणि हे उमगेपर्यंत तो पुढच्या प्राण्यावर गेलेला. तरी हात बऱ्यापैकी जमले होते, असं मला वाटत होतं. फक्त उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. बाईंना हे सांगितलं. "करून दाखवा," म्हणाल्या. मी माझे ते डौलदार हात काढले. त्यांनी हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. बूट बघत होत्या. अर्ध्या मिनिटात "थांबा" म्हणाल्या.

"भरलेल्या पायावर वळताय तुम्ही."

भरलेला पाय म्हणजे ज्याच्यावर अंगाचं वजन आहे तो. दुसरा रिकामा. पाऊल वजनाखाली जमिनीला चिकटलेलं, वरून मांडी वळतेय, मग पिळ बसतो तो मधल्या गुडघ्याला. आणि गुडघा बिचारा बिजागरीच्या जातीचा, त्याला पुढे-मागे तेवढं कळतं. आधी वजन मागच्या पायावर न्यायचं, पुढचा रिकामा करायचा, चवडा वळवायचा, मग सावकाश भरायचा. बस. एवढंच. पण व्हिडिओत वजन दिसत नाही. पंचाहत्तरीला आलेल्या, निम्मं आयुष्य हेच केलेल्या बाईला ते बुटाच्या कडेवरून दिसतं. गुडघा तीन आठवड्यांत गप्प झाला.

त्यांची आणखी एक गोष्ट मला आवडते. त्या 'रिलॅक्स' म्हणत नाहीत. या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. दाताच्या खुर्चीत, सुईच्या टोकाशी, फोटो काढताना, कुणीही 'रिलॅक्स' म्हटलं की माझे खांदे कानाला भिडतात. ज्याला सैल होता येतं त्याला सांगावं लागत नाही आणि ज्याला येत नाही त्याला सांगून उपयोग नाही. बाई मागून येतात, खांद्यावर एक बोट ठेवतात आणि विचारतात, "हे कुणासाठी वर धरलंय?" कुणासाठीच नाही. खांदा आपसूक खाली येतो. एकदा मी उत्साहाच्या भरात सगळंच सोडून दिलं, पाठीला पोक आलं. तेव्हा म्हणाल्या, "सैल म्हटलं होतं, ढिलं नाही." वर्षभराच्या शिकवणीतलं मला पुरतं कळलेलं हे एकच वाक्य. दोरी सैल असली तरी ती गाठीत असते. ढिली झाली की गाठ सुटते.

तर, रिकामा पाय. पुढे टाकायचा तो आधी रिकामाच टाकायचा. टाच टेकते, पण वजन अजून मागेच. वाटलं तर पाऊल उचलून परत घेता आलं पाहिजे. मग हळूहळू तळवा, चवडा. मांजर चालतं तसं, असं या लोकांत म्हणतात. बाई हे दाखवत होत्या आणि मला एकाएकी आमच्या लहानपणची मधली खोली दिसली.

धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता. झोपेचा शत्रू. आई तासभर झोके देऊन त्याला निजवायची आणि मग तिला दारापर्यंत पोचायचं असायचं. पाळणा आणि दार यांच्यामध्ये एक फरशी सुटलेली होती, तिच्यावर पाय पडला की 'खट्' वाजायची. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेलो, श्वास रोखून. आई पाळण्याची दोरी सोडायची ती एकेक बोट काढून. मग एक पाऊल पुढे, अधांतरी. टाच टेकवायची आणि थांबायची, फरशीचा अंदाज घेत. हाललीच तर पाय तसाच मागे. दुसरीकडे टेकवायची. अंगाचं ओझं त्या पायावर कधी आलं ते दिसायचंच नाही. डोकं एका पातळीत, जणू पाण्यातून चाललीये. आठ-दहा फुटांना कितीतरी वेळ लागायचा. दारात पोचली की माझ्याकडे बघून एक डोळा मिटायची.

चेन घराणं नाही, यांग नाही. बाळ निजवण्याची शैली.

हल्ली तिची चाल घासत येते. चपलेचा आवाज आधी, मागून ती. वजन आधीच पुढे गेलेलं असतं आणि पाय त्याला गाठायला धावतात. 2012 साली अमेरिकेत पार्किन्सनच्या 195 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 24 आठवडे, आठवड्यातून दोनदा, तासभर. एक गट ताई ची करणारा, एक वजनांचा व्यायाम करणारा, एक ताण देण्याचा. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट सरस ठरला. हे मी आईला वाचून दाखवलं.

"मला पार्किन्सन झालाय का?"

"नाही गं."

"मग?"

तरी एका संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभं केलं. म्हटलं, हा पाय रिकामा टाक. वजन मागेच ठेव. आता हळू भर. तिने टाकला. थांबली. भरला. मला जे आठ महिन्यांनी जेमतेम आलं ते तिने ओट्यावरचा हात न दाबता केलं. मला भरून आलं आणि मी तिला ती मधली खोली, पाळणा, सुटलेली फरशी, मिटलेला डोळा, सगळं सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं.

"छे," म्हणाली. "मी कुठली हळू चालतेय! कामं पडलेली असायची. धपाधप जायचे. तो कुंभकर्ण होता रे, ढोल वाजवले तरी उठायचा नाही. झोपायचा नाहीस तो तू."

भावाला विचारलं. त्याला अर्थात काहीच आठवत नाही. तो झोपला होता.

फरशी सुटलेली होती, हे मात्र आईला मान्य आहे.