निधी आला, पण जागा कुणाची?

आमच्या कॉलनीच्या बागेतल्या सामाजिक सभागृहाची दुरुस्ती झाल्यापासून लोक विचारायला येतात, "ताई, निधी कसा आणला?" निधीचं सोडा हो. जिल्हा नियोजनाच्या नगरोत्थान योजनेत काम बसलं, नगरपरिषदेच्या अभियंत्यानं चालू दरसूचीवर अंदाजपत्रक काढलं, तांत्रिक मान्यता मिळाली. तेव्हा प्रशासक होते, नगरसेवक नव्हतेच, त्यामुळे ठरावही अडला नाही.

अडलं ते प्रशासकीय मान्यतेच्या टेबलावर. फाइल परत आली, वर शेरा: 'जागेच्या मालकीबाबत खुलासा करावा.'

सातबारा काढला तर ज्यांनी शेताचे प्लॉट पाडून विकले त्यांचंच नाव, आणि ते कधीच वारलेले. मोठ्या ले-आउटमध्ये किमान १० टक्के खुली जागा सोडावी लागते. नकाशात ती सोडतात, पण नगरपरिषदेच्या नावे करून द्यायची राहून जाते. प्लॉटवाल्यांचं त्यावाचून अडत नाही, मग कोण बघतो? सरकारी पैसा मात्र खासगी नावावरच्या जमिनीवर लावता येत नाही. नियम बरोबरच आहे. माझा राग नियमावर नाही, त्या टेबलावर आहे.

मोजणीचा नकाशा नेला, तर शेतजमीन बिगरशेती केल्याचा अकृषिक आदेश कुठाय? आदेश नेला, तर मंजूर रेखांकनाची, म्हणजे ले-आउटच्या नकाशाची, साक्षांकित प्रत कुठाय? ती नेली, तर साहेब दौऱ्यावर. काय काय लागतं ते एकदाच लिहून द्या म्हटलं, तर "तसं लिहून देता येत नाही ताई." का देता येत नाही, हे मला आजही कळलेलं नाही. वर एक दिवस खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद मागितला, १९५४-५५ चा! मराठवाड्यात जमिनीचं काहीही निघालं की गाडी खासऱ्यावर जाते, आणि कुणी हौशी भेटला की निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांवरही. आम्हाला गळका स्लॅब बंद करायचा होता आणि संडासाला दार बसवायचं होतं, एवढंच.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून रेखांकनाची मूळ फाइलच पाहायला मागितली. त्यात मंजुरीच्या अटींमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं की खुली जागा विनामोबदला नगरपरिषदेकडे सोपवावी. इतके महिने आम्ही ज्याच्यासाठी हिंडत होतो, तो कागद सरकारी कपाटातच होता. तुम्ही टेबलाशी वाद घालण्याआधी हा अर्ज टाका. तोंडी मागितलेल्या कागदाची नोंद कुठेच राहत नाही. अर्जाची पोच मात्र राहते.

त्या अटीवर नगरपरिषदेनं फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायला, पत्र दिलं. वारसांना नोटिसा गेल्या. हरकतीला पंधरा दिवस असतात, ते मी जीव मुठीत धरून काढले, कारण जमीनमालकांच्या पुण्याला असलेल्या धाकट्या मुलानं फोनवर जागेचा आजचा भाव विचारला होता. त्याच्या मोठ्या भावाला ती अट वाचून दाखवली. "बापानं लिहून दिलंय, आता काय बोलायचं," म्हणाले. हरकत आली नाही. सातबाऱ्यावर नगरपरिषदेचं नाव चढलं तेव्हा मी उतारा चार जणांना पाठवला, उगाचच.

पुढचं मार्चअखेरच्या धास्तीनं भराभर झालं. निधी परत जाईल म्हटलं की तेच टेबल पळायला लागतं, हेही पाहिलं.

आणि हो, अंदाजपत्रक होताना अभियंत्यासोबत जागेवर उभं राहा. वायरिंग, पंखे, रॅम्प त्यात नसतील तर नंतर वर्गणीच काढावी लागते. आमचा रॅम्प मी तिथल्या तिथे घालून घेतला. झालेल्या कामाची मापं मोजमाप पुस्तिकेत लिहून घेतात तेव्हाही कुणीतरी हजर असावं. काम उन्हाळ्यात निघणार असेल तर नव्या सिमेंटला पाणी कुठून मारणार, ते आधी ठरवा. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाला पाणी आठवड्यानं येतं. शेजारच्या बोअरवाल्या काकांनी मोटर चालू ठेवली म्हणून निभावलं.

आता सभागृहाचं विजेचं मीटर आमच्या कॉलनीच्या समितीच्या नावानं घ्यावं असा आग्रह चाललाय. म्हणजे बिल आमच्या गळ्यात. इमारत नगरपरिषदेची, जागा आता नगरपरिषदेची, मग मीटर आमचं कशाला? त्या अर्जावर मी सही केलेली नाही.