गॅसलाइट, परत एकदा

परवा सेलूजवळ मैत्रिणीच्या शेतात हुरड्याला जमलो होतो, होस्टेलच्या आम्ही चौघी. रात्री आखाड्यावर लॅपटॉप लावून १९४४ चा गॅसलाइट हा सिनेमा परत बघितला. कॉलेजात बघितला तेव्हा सगळं लक्ष दागिने कुठं लपवलेत ह्याच्यावरच होतं.

ह्या वेळी दागिन्यांचं कुणालाच काही पडलं नव्हतं.

चार्ल्स बॉयरचा नवरा सगळं कसं गोडीगुलाबीनं करतो बघा. बायकोला ब्रोच देतो, तू विसरतीस ना म्हणून स्वतःच्या हातानं तिच्या पर्समध्ये ठेवल्यासारखं करतो आणि नंतर ती बघते तर ब्रोच नाहीच. इन्ग्रिड बर्गमन तेव्हा पर्समध्ये हात घालून चाचपडत राहते, चेहरा असा की चोरी पकडली गेलीय, आणि तिनं तर काहीच केलेलं नसतं! तिला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. मोलकरीण झालेल्या अँजेला लान्सबरीचा हा पहिलाच सिनेमा, तीपण लै भारी.

आणि ते दिवे. नवरा बाहेर चाललो म्हणून जातो आणि छपरावरून आपल्याच घराच्या माळ्यावर ते दागिने शोधायला येतो, तिथला गॅस पेटवला की खालच्या खोलीतली ज्योत बारीक होते, म्हणजे विहिरीवरची मोटार चालू झाली की आपल्याकडं बल्ब मंद होतो ना, तसंच. तिला वाटतं आपल्यालाच भास व्हायलेत. गॅसलायटिंग, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोक्यावर शंका यायला लावणं, हा शब्द ह्याच गोष्टीतून आला, मूळ पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं नाटक.

मग पोलीस झालेला जोसेफ कॉटन तिच्या घरी येतो, ज्योत खाली जाते आणि ते त्यालापण दिसतं. दुसऱ्या कुणाला तरी दिसलं, एवढ्यावरच बर्गमनचा चेहरा उजळतो. तिथं आमच्यातल्या एकीनं सिनेमा थांबवला. म्हणाली, "मलापण दिसतंय असं म्हणणारं माणूस भेटायला मला सहा वर्षं लागली गं."

कुणीच काही बोललं नाही. तिच्या लग्नानंतर ती मला फोन करायची तेव्हा, "अगं, एवढा शांत माणूस आहे, तूच लै विचार करतीस," हे मीच म्हणले होते. तिथंच तिचा हात धरून सांगितलं, माझं चुकलं. ती "हं" म्हणाली आणि सिनेमा चालू केला.

शेवटी नवरा खुर्चीला बांधलेला असतो, दोर काप म्हणून विनवतो आणि चाकू हातात घेऊन बर्गमन म्हणते, मी तर वेडी आहे ना, मी कशी मदत करणार. तो सीन संपला की ती मैत्रीण म्हणाली, "परत लाव." तीनदा लावला.